सोमारीची वाळ्याची ताटी

चांद्याच्या सोमारी बुरुडणीला नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. बांबूच्या सुपा-टोपल्यांवर तिचं घर चालायचं, पण तिचं नाव होतं ते उन्हाळ्यात दारांना लावायच्या वाळ्याच्या ताट्यांसाठी. फाल्गुनात ती इरई नदीच्या काठी जाऊन वाळा खणायची, मुळ्या धुऊन सुकवायची, मग बांबूच्या चौकटीत दाबून भरायची. ओल्या ताटीतून आलेली झुळूक म्हणजे चांद्याच्या उन्हाळ्यातलं खरं सुख.

भैयाजी जंगल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पश्चिमेच्या खोलीला दरवर्षी तिचीच ताटी लागायची. पण छप्पन सालच्या चैत्रात ती ताटी डोक्यावर घेऊन गेली, तर खोलीत आढ्याला विजेचा पंखा टांगलेला. गल्लीत नुकतीच वीज आली होती. भैयाजींनी बटण दाबून पंखा फिरवून दाखवला आणि यंदा ताटी नको, असं संकोचतच सांगितलं. सोमारीने मान डोलावली आणि ताटी परत घरी नेली. आपल्या हातचं काम आता सरलं, असं तिला वाटून गेलं. त्या दिवशी तिने बांबूला हात लावला नाही.

वैशाखात एका दुपारी भैयाजी स्वतःच तिच्या दारात आले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. इंदुताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, टायफॉइडमधून उठून जेमतेम पंधरा दिवस झाले होते; दुपारी त्यांना धाप लागत होती, डोळ्याला डोळा लागत नव्हता. पंखा दिवसभर चालू होता, तरी खोली भट्टीसारखी तापायची.

सोमारी ताटी घेऊन गेली. तिने ती खिडकीला बाहेरून बांधली, पाणी मारलं. वारा पडलेला होता, त्यामुळे काहीच फरक पडेना. ती खोलीत आली आणि वर बघत राहिली. मातीच्या कवेलूंचं छप्पर तापून निघालं होतं आणि पंखा त्याच्या खालीच फिरत होता.

"हा वरची गरमीच खाली आणून राह्यला, भैयाजी," ती म्हणाली. "पंखा खिडकीपाशी पायजे. ताटी बाहेर, पंखा आत. मंग तो ताटीतून हवा ओढते."

भैयाजींना विजेची धास्ती. पाणी आणि वीज एकत्र आली तर माणूस जागीच जायचा, असं ते म्हणाले.

"पाणी बाहेरून मारू. पंखा दोन हात आत ठेवा, थेंब लागत नाई. आन् समोरचं दार उघडं राहू द्या. आलेल्या हवेले जायले वाट पायजे."

भैयाजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ते नागपूरच्या गाडीत बसले, दुकानदाराशी हुज्जत घालून टांगायचा पंखा परत केला आणि टेबलावर ठेवायचा घेऊन आले. सोमारीने तोवर खिडकीच्या मापाची नवी ताटी विणली, नेहमीपेक्षा जाड, पण हवा जाईल इतकी विरळ.

पंखा सुरू झाला. आधी नुसता ओल्या मातीसारखा वास आला, मग हळूहळू गारवा पसरला. घटकाभरात इंदुताई कुशीवर वळून झोपल्या. भैयाजी दारात उभे राहून त्यांचा श्वास ऐकत राहिले.

पुढच्या सालापासून सोमारीकडे लोक दारांऐवजी खिडक्यांची मापं घेऊन येऊ लागले. काही जण पंखा कुठे ठेवावा हे विचारायलाही यायचे. ती प्रत्येकाला समोरचं दार उघडं ठेवायला बजावायची.

त्या छप्पनच्याच उन्हाळ्यात एकदा इंदुताईंनी तिला बाहेर पाणी मारताना हाक मारली आणि आत येऊन बसायला सांगितलं. तीस वर्षं ताट्या विणल्या, पण ताटीच्या आतल्या बाजूला ती कधी बसली नव्हती. ती भिंतीला टेकून बसली. बोलता बोलता तिचे डोळे मिटले. इंदुताईंनी उठून तिच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि त्या स्वतः बादली घेऊन बाहेर गेल्या.