समोर बसून खायचं

मामा गेल्याचं मला शाळेत कळलं. मी पाचवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, दौंडवरनं फोन व्हता. तुमचं मामा गेलं." मी फळ्यावरचं गणित पुरं केलं आणि शिरूरच्या स्टँडवर गेले. रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

दशक्रियेला नदीकाठी भाषणं झाली. कावळे कंटाळून उडून गेले, पण वक्ते काही हटेनात. सगळं गाव मामांना आप्पा म्हणायचं. बहात्तरच्या दुष्काळात आप्पांनी गाव जगवलं, असं एकानं सांगितलं, आणि दुसऱ्यानं तर त्यांना थेट अन्नदाता करून टाकलं. अहो, गाव जगवलं सरकारनं परदेशातून आणलेल्या लाल मिलो ज्वारीनं, आणि ती शिजवली बायांनी! मामांनी काय केलं, तर चावडीपुढं खुर्ची टाकली. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मामांचं खरं बोलले की ते आपोआपच वाईट होतं, त्याला माझा इलाज नाही.

वडगाव रासाईच्या पुढं, भीमेकाठचं आमचं गाव. त्या साली नदीत नुसती वाळू होती. ऊसच नव्हता, म्हणून गुऱ्हाळाची काहील चावडीपुढं आणून तिच्यात मिलोच्या कण्या शिजायच्या. मामा या अन्नकेंद्राचे प्रमुख आणि मी, नुकतीच मॅट्रिक झालेली भाची, ओगराळं घेऊन वाढायला. वरून नियम आला होता की अन्न तिथंच, समोर बसून खायचं; घरी न्यायचं नाही. मामांना हा नियम फारच आवडला. भर उन्हात माणसं पंगतीला बसायची, बहुतेक बौद्धवस्तीतली आणि खडी फोडणारी, आणि मामा खुर्चीत पाय हलवत बघायचे. कुणी साहेब आला की "एकदम उत्तम अन्न, साहेब," म्हणायचे. स्वतः बोटावर घेऊन चाखलं असेल तर शपथ.

पण भूक काय फक्त वस्तीतच होती? मामांच्या भावकीतल्या चार घरांतही चूल पेटत नव्हती. त्यांना मात्र पंगतीत बसायला लाज वाटायची. म्हणून त्यांचे डबे टॉवेलाखाली झाकून मागच्या दारानं जायचे. पोचवणारी मीच. तेव्हा नियम कुठं पेंड खात होता, कोण जाणे…

वस्तीतल्या हौसाबाई खडीवर जायच्या. त्यांची सासू, भागाआजी, अंथरुणाला खिळलेली. एका दुपारी हौसाबाई हात जोडून म्हणाल्या, "आप्पा, म्हातारीपुरती येक वाटी घरी न्हेऊ द्या. तिला बसवत न्हाई."

"नियम म्हंजी नियम. हितं आन तिला."

मी मामांना हळूच म्हटलं, "चार डबे पोचवतेच की, पाचवा आजीचा पोचवते."

मामा हसले. "त्यांना कसली आलीय लाज?"

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी तरी काय केलं? ओगराळं घेऊन उभी राहिले.

हौसाबाई रोज सासूला पाठुंगळी घेऊन यायच्या. तीन दिवस आजी खाली मान घालून जेवली. चौथ्या दिवशी मी वाटी पुढं ठेवली, तर तिनं ती मामांकडं सरकवली.

"आप्पा, तुमीबी बसा की. येक घास आमच्यासंगट खावा. मंग मी खाते."

वस्तीच्या पंगतीत बसून आप्पा खाणार! मामा उठले, धोतर झटकलं आणि "माज आलाय म्हातारीला," असं पुटपुटत घरी जेवायला गेले. आजीनं तोंड मिटलं ते मिटलंच. हौसाबाईंनी विनवलं, मीही विनवलं. ती पुन्हा पंगतीला आली नाही. आठवड्यानं गेली. उपासानं गेली असं कागदावर कुणी लिहिलं नाही. म्हातारपण लिहिलं.

पुढं मामा दौंडला मुलाकडं राहायला गेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं त्यांचा उजवा हात गेला. वहिनीला जरा उसंत मिळावी म्हणून रविवारी मी भरवायला जायचे. पहिल्याच दिवशी चमचा तोंडाशी नेला तर म्हणाले, "आधी दार लाव. लोक बघत्यात." मी दार लावलं. मग दर रविवारी लावत राहिले.

एकदा न राहवून विचारलं, "मामा, भागाआजी आठवते?"

"कोन भागा?"

मी उठले आणि दार सताड उघडलं. मामांनी ओठ घट्ट मिटले. खिचडी निवत गेली, गल्लीतून माणसं जात राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्यांच्या… मी दार लावून घेतलं. दया आली म्हणून नव्हे. खुर्चीत बसून दुसऱ्याची भूक बघायचं माझ्याच्यानं होईना.

तेराव्याला त्याच खोलीत वहिनीनं मला ताट वाढलं आणि सवयीनं दार लावायला उठली. "असू दे उघडं," मी म्हटलं. दोन घास खाल्ले. रस्त्यावरचा कुणीतरी थांबून आत बघत होता. मी ताटावरून उठले आणि दार लावून आले.