इन्शिराहची करंगळी

इन्शिराहच्या डाव्या करंगळीला मुंग्या आल्या आणि बघता बघता ती करंगळी सगळ्या गल्लीच्या मालकीची झाली. अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी भागात कुणाचं दुखणं खासगी राहत नाही. समोरच्या नादराने दृष्ट लागली म्हणून घरभर धूप फिरवला. औषधवाल्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. दीर म्हणाला, "वहिनी, डावा हात म्हणजे हृदय. काय ती निरवानिरव करून ठेवा." त्याला तिने चहा न पाजताच वाटेला लावलं. पण एके दिवशी हातातला पेला निसटला, तेव्हा मात्र ती टरकली आणि नवऱ्याला, अब्देलबारीला घेऊन मुकाट इस्पितळात गेली.

डॉक्टर शाहिनाझ तरुण होती. तिने करंगळीला तारा चिकटवल्या आणि मनगटावर विजेचा हलकासा चिमटा दिला. करंगळी आपसूक उडाली.

"माझं बोट मला न विचारता नाचवतेस होय गं पोरी?"

"थोडं सोसा, मावशी."

मग कोपराच्या खाली चिमटा, कोपराच्या वर चिमटा. पडद्यावर रेघा उठत होत्या.

"मनगटापासून कोपरापर्यंत नसेतला संदेश झपझप जातोय. कोपराशी मात्र रेंगाळतोय. नस तिथे दबलीय. कोपर कशावर टेकता तुम्ही?"

"मी? मला टेकायला सवड कुठली?"

घरातून निघाल्यापासून गप्प असलेला अब्देलबारी म्हणाला, "खिडकीच्या कठड्यावर. दिवसभर."

इन्शिराहने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो भिंतीवरचा तक्ता वाचू लागला.

कोपर टेकायची बंदी झाली. मग तिने खिडकीत नवऱ्याला बसवलं.

"कोण आलं?"

"कुणीतरी."

"हातात काय होतं?"

"पिशवी."

"पिशवीत काय?"

"आता ते मी खाली जाऊन विचारू?"

शेवटी नादराच जिना चढून आली. थोरल्या मुलाच्या नावाने, 'गलालची आई' अशी हाक मारत म्हणाली, "उम्म गलाल, आमच्यावर रुसलीस का? तुझ्या जागी हा बाप्या बसलेला बघून पोरींनी कपडे वाळत घालणं सोडलंय."

अब्देलबारीची सुटका झाली. इन्शिराह पुन्हा खिडकीत आली, पण टेकायचं नाही म्हणून दोन्ही हात कमरेवर ठेवून ताठ उभी. मुंग्या हळूहळू ओसरल्या. खालचा मासेवाला मात्र धास्तावला. कशाबद्दल ते न कळताच त्याने तिची माफी मागितली, आणि तिनेही मोठ्या मनाने ती दिली.