आत्याबाईंचं दुखणं आणि उचगावची म्हैस

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मंगळवार पेठेत नांदायला आलेली मी म्हणजे... कुणी प्रश्न विचारायच्या आत उत्तर देणारी!

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या पोटात कॅन्सर निघाला. गोठा आवरेना, म्हणून त्यांची लाडकी म्हैस चिमणी उचगावला माझ्या नणंदेकडे, शालनवन्संकडे धाडली.

डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या – दुखो न दुखो, वेळेवर घ्यायच्या. आत्याबाई पदराचा बोळा दातांत धरून तळमळायच्या, आणि डॉक्टरांनी 'दुखतंय का?' विचारलं की म्हणायच्या, "न्हाय की. बरं हाय." गोळ्या उशीखाली.

"आत्ताच खाल्ल्या तर शेवटाला काय लागू पडंल? आन अफूगत सवय लागली म्हंजे?"

मी त्यांना मज्जासंस्थेवर व्याख्यान दिलं. ऐकून म्हणाल्या, "लई ग्वाड बोलतीस. पाणी आन."

एकदा वन्सं दूध घेऊन आल्या. "वैनी, चिमणी पान्हा चोरतीया. काल सकाळी थेंब न्हाय, सांजंला बादलीभर."

काल सकाळी आत्याबाई कळवळत होत्या, संध्याकाळी जरा निवांत होत्या. योगायोग... पण मला खोडी सुचली.

"आत्याबाई, तुम्ही हितं सोसताय, आणि तिकडं म्हस आटायला लागलीया." शुद्ध थाप.

त्यांनी उशीकडं बोट दाखवलं. "आन ती गोळी. मुक्या जनावराला कशाला तरास."

तेव्हापासून गोळ्या वेळेवर. त्या उठून बसायला लागल्या, माझ्या भाकरीला नावं ठेवायला लागल्या. मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मग एक दिवस शेजारच्या हमीदाभाभींना गोळीचं सांगून मी उचगावला गेले. वन्सं धार काढत होत्या. चांगली वाजणारी धार मधेच थांबली.

"चारा बदलला असेल," मी शास्त्रीय आवाजात म्हणाले.

"काय बदलला न्हाय."

घरी आले तर हमीदाभाभी दारातच. "म्हातारीचा डोळा लागलता, उठवू वाटंना बघ. गोळी चुकली. मग कळ आली ती जोराची. आता दिलीया, निजलीया."

"कधी आली कळ?"

"सांजच्या धारंच्या टायमाला."

थाप माझी होती – ती खरी कुणी केली? हमीदाभाभींना विचारलं, नवऱ्याला विचारलं, पुढं एका गुरांच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते हसले. आज नातवंडंही हसतात. मला मात्र अजून उत्तर सापडलेलं नाही.

आत्याबाई त्यानंतर बरेच महिने मजेत जगल्या. एका पहाटे झोपेतच गेल्या. आमचे हे सायकलवरून निरोप घेऊन उचगावला गेले, तेव्हा वन्सं गोठ्यातच होत्या. ऐकून खूप रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी भावाला बादली दाखवली... काठोकाठ भरलेली.

"आईला दुखलं न्हाय, दादा," म्हणाल्या.