मागे पडलेला आवाज

गौतम गेल्याचं कळलं तेव्हा मी अंबडच्या बसस्टँडवर मंठ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. फोन त्याच्या बायकोचा, संगीताचा. "सर, हे..." एवढंच ती बोलली आणि मग मागच्या बायकांच्या रडण्याचाच आवाज येत राहिला. वर्षभर आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला जाणारा माणूस. ही बातमी कधी ना कधी येणार हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी समोर लागलेली बस मी सोडली. पुढची तासाभराने होती. त्या तासात माझ्या डोक्यात गौतमपेक्षा किसनरावच जास्त होते, हे कबूल केलं पाहिजे.

गौतम माझा विद्यार्थी. मंठ्याच्या शाळेत मी त्याला गणित शिकवलं, पण त्याचं सगळं लक्ष शाळेच्या लाउडस्पीकरमध्ये. पुढे त्याने लग्नांचं शूटिंग सुरू केलं. मोबाईल आले, शूटिंगची कामं आटली, तेव्हा लोकांच्या जुन्या डिस्कवरून चित्र आणि आवाज काढून द्यायचं काम त्याने धरलं. निवृत्त झाल्यावर मी दुपारचा त्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो. गिऱ्हाईक बहुतेक गेलेल्या माणसासाठी यायचं. कुणाला आईचा उखाणा हवा असे, कुणाला भावाचं हसणं. डिस्क हातात घेताना गौतम एकच विचारायचा, "यातलं कोन पाहिजे?" आणि नाव सांगताना समोरचा माणूस जरा थांबायचा...

चार वर्षांपूर्वी असेच किसनराव आले. (नाव बदललं आहे, त्यांच्या मुलीचंही. लिहू का म्हणून विचारलं तर "लिहा" म्हणाले.) आष्टीकडच्या एका खेड्यातले शेतकरी, साठी उलटलेले. डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली होती. मुलीच्या, उषाच्या, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या लग्नाची. शूटिंग गौतमचंच होतं. लग्नानंतर अकरा महिन्यांनी उषा सासरच्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. पुढे काही सिद्ध झालं नाही.

"पाठवणीच्या टायमाला ती माझ्या गळ्यात पडून काही तरी बोलली," किसनराव म्हणाले. "बँड वाजत होता. मला ऐकू आलं न्हाई. मी आपली मान हलवली, हो म्हणलं. कशाला हो म्हणलं, तेवढं मला सांगा."

गौतमने मूळ टेपवर कधीच दुसरं लग्न उतरवलं होतं, त्यामुळे राहिली होती ती ओरखडे पडलेली डिस्कच. त्याने आवाज वेगळा काढला आणि पहिल्याच दिवशी अडकला. चित्रात उषाचे ओठ हलत होते तेव्हा नुसता बँड. पोरीचा बारीक आवाज यायचा तो नंतर, पडद्यावर मावशी डोळे पुसत असताना. ओठ समोर असल्याशिवाय त्या बँडमधून शब्द ओळखू येत नव्हते. डिस्कवरून काढलेला आवाज कधी कधी चित्राच्या थोडा मागून सुरू होतो. ते अंतर सॉफ्टवेअर आकड्यात दाखवतं, तेवढा आवाज पुढे ओढला की काम होतं. त्याने ओढला. सुरुवातीची मंगलाष्टकं बरोबर जुळली आणि पाठवणीपर्यंत येता येता आवाज पुन्हा दीड सेकंद मागे.

"सर, गाडी सुटतेय बराबर, पोचताना मागं पडून राह्यली," तो मला म्हणाला.

मग सगळा आवाज सारख्या मापाने आखडून पाहिला, तर शेवट जुळला आणि मधलं बिघडलं. मी कागद घेतला. कुठल्या मिनिटाला किती फरक, ते त्याच्याकडून लिहून घेतलं. फरक हळूहळू वाढत नव्हता. तो पायऱ्यापायऱ्यांनी वाढत होता, आणि प्रत्येक पायरी एका ओरखड्यावर होती. तिथे चित्राचे काही तुकडे गळाले होते, आवाज मात्र शाबूत होता. म्हणजे प्रत्येक ओरखड्यापाशी कापून, तुकडा तुकडा जुळवायचा. नारळ फुटला तो क्षण, ताशावर काडी पडली तो क्षण, अशा खुणा धरून तीन आठवडे त्याने ते केलं. आधी त्याने आवाजाची लहान फाईल केली होती, मोबाईलवर मावेल अशी, आणि त्यात पोरीचा आवाज बँडमध्ये विरघळून गेला होता. "लहान केलं की बारीक आवाज आधी जातो," म्हणत त्याने परत डिस्कपासून सुरुवात केली आणि पूर्ण आकाराची फाईल ठेवली.

एका दुपारी त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवला. ओठ आणि शब्द आता एकत्र होते. उषा म्हणत होती, "आबा, पंचमीला न्यायला तुमीच या. दुसऱ्या कोनाला धाडू नका." आणि शब्द संपताक्षणी किसनरावांची मान हलली.

मी म्हणालो, बरं झालं, साधंच बोलली पोर. गौतमने मान खाली घातली. डिस्क देताना किसनराव त्याला सगळं सांगून बसले होते. नागपंचमीला त्यांनी पुतण्याला पाठवलं होतं. रानात कामं होती. सासरच्यांनी पुतण्याला दारातूनच परत लावलं, आणि पुढे दिवाळी झाली आणि...

"सांगू का, सर?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "ऐकू येत नाही म्हण. म्हातारा जगेल तरी."

हा सल्ला माझा होता. गौतमने तो पाळला. किसनराव दर तीन-चार महिन्यांनी बाजाराला म्हणून यायचे, "नवीन काही मशीन आलंय का?" विचारायचे, आणि गौतम म्हणायचा, "न्हाई मामा, बँड लै मोठा हाय." मी कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला असायचो.

गौतमच्या किडन्या गेल्या तेव्हा तो बेचाळीसचा होता. शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा हात सुजले होते, बोलताना धाप लागत होती. म्हणाला, "सर, किसनमामाचं तेवढं ऱ्हायलं." मी म्हणालो, बरा हो, दोघं मिळून सांगू. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. शाळेत उत्तर चुकलं की मी पोरांकडे तसा बघायचो.

तो गेल्याचं किसनरावांना पंधराएक दिवसांनी कळलं, आणि कळल्या कळल्या ते आले. संगीताने दुकान उघडून दिलं. मी उषाच्या नावाचं फोल्डर शोधलं, सगळ्यात शेवटची फाईल लावली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी तीनदा ऐकलं. पडद्यावर स्वतःची मान हलताना पाहिली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"गौतमला कवापासून ठाऊक होतं?"

"पहिल्याच महिन्यापासून. सांगू नको असं मीच म्हणालो होतो."

हेडफोन मांडीवरून उचलून त्यांनी टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणून तो मला उभ्यानं कधी जाऊ देत नव्हता. चहा पाजायचा, गाडीत बसवून द्यायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याची कीव करून राह्यला." आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "सर, तुमी लै वाईट केलं. चार वर्षं मी तिच्या तोंडून काय काय ऐकलं. मला धाडू नका म्हणली, हे लोक मला मारतेत म्हणली... रोज येगळं. अन् हे तर साधं हाय. पंचमीला या म्हणली." टॉवेल तोंडाशी धरला. "अन् मी गेलो न्हाई."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, मला कळलं नाही. पाठवणीचा तेवढाच तुकडा, लहान न करता, मोबाईलवर घालून दिला तेव्हा मोबाईल खिशात ठेवून ते चालत स्टँडकडे निघाले. मी सोबत निघालो, तर हाताने नको म्हणाले.

संगणक बंद करायला परत आलो तेव्हा फोल्डर उघडंच होतं. त्यात एकूण बारा फायली होत्या. तारखा पाहिल्या. किसनराव येऊन गेले की त्याच आठवड्यातली एक, असा तो हिशेब दिसत होता. "ऐकू येत नाही" म्हणून त्यांना वाटेला लावायचं, आणि मग बसून बँड आणखी खाली न्यायचा, पोरीला आणखी वर आणायचं. शेवटची फाईल डायलिसिस सुरू झाल्यानंतरची आहे. तिच्यात बांगड्यासुद्धा वाजतात.

मी पहिली लावून पाहिली, काहीही न साफ केलेली. बँड, ताशा, बायकांचं रडणं, आणि त्यात अगदी कॅमेऱ्याजवळून एक तरुण आवाज. पुढच्या फायलींतून त्याने तो काढून टाकला आहे. "मावशी, जरा सरका की," गौतम म्हणतो, "पोरीला बापाजवळ जाऊ द्या."