एनेलेसी सहावीत बसली
मलावीतल्या माचिंगाकडच्या त्या गावात एनेलेसी कायेम्बे येताना दिसली, की बायका चुलीवरचा मक्याच्या पिठाचा न्सिमा तसाच सोडून आत पळायच्या. तिचा प्रश्न ठरलेला असे, "पोरगी शाळेत का नाही?" तिला स्वतःला पाचवीतून काढून लग्नाला उभं केलं होतं. तो राग चाळीस वर्षांत जराही निवला नव्हता.

त्या वर्षी तिने मुखियांशी हुज्जत घालून चौदा वर्षांच्या तियामिकेचं लग्न मोडायला लावलं. पोरगी आईकडे परत आली. अवघड काम झालं असं एनेलेसीला वाटलं, पण तिला पुन्हा शाळेत घ्यायची वेळ आली तेव्हा खरी अडवणूक केली ती हेडमास्तर चिसालेंनी.

"मुखियांचं पत्र आणा," ते म्हणाले. तिने आणलं.

"यावर शिक्का नाही."

मुखिया परगावी मयतीला गेलेले, शिक्का पेटीत, किल्ली त्यांच्या खिशात. पाच दिवसांनी ती शिक्का मारून आली.

"आता हजेरीपट भरला, आत्या. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी ही पाठीवर तान्हं बांधून येईल, मास्तर! तेव्हा कुठला कागद मागणार?"

"नियम मी केलेले नाहीत."

"मग मोडायला तुमचं काय जातंय?"

चिसालेंनी हजेरीपट मिटून ठेवला. एनेलेसीचं डोकंच फिरलं. तियामिकेचा हात धरून ती तरातरा सहावीच्या वर्गात शिरली आणि पोरांमध्ये फतकल मारून बसली. "हिचं नाव लिहीपर्यंत मी उठत नाही!"

वर्गात खसखस पिकली. शिकवणाऱ्या तरुण बाईंनी बिचकत अपूर्णांक पुढे चालवले. पाव आणि पाव किती? एनेलेसी तोऱ्यात म्हणाली, "दोन अष्टमांश."

"अर्धा, आत्या," तियामिके पुटपुटली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

एनेलेसीचे गुडघे आखडले, पण ती हलली नाही. दुपारी दाराशी गावकरी जमायला लागले, तेव्हा चिसालेंनी चडफडत हजेरीपटात नाव लिहिलं. पानावर अजून अकरा ओळी कोऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तियामिके शाळेत नव्हती. आईने तिला मक्याच्या शेतात नेलं होतं.

"एकच दिवस, आत्या," आई म्हणाली.

"तुमचा रोज एकच दिवस असतो!" एनेलेसी कडाडली. तिने पोरीच्या हातातली कुदळ हिसकावली, तिला शाळेकडे पिटाळलं, आणि तोंडाने सगळ्या गावाचा उद्धार करत तिच्या वाटणीची सरी खणायला घेतली.