जुलैचा शब्द

एव्हरार्ड थर्लवॉल हे अर्लचे धाकटे चिरंजीव. जहागीर थोरल्याकडे गेली आणि धाकट्याला वडिलांनी बाविसाव्या वर्षी पार्लमेंटात बसवलं. एकतीस वर्षांत त्यांची भाषणं झाली चार; त्यातलं एक गटारांवर. लोकांना ठाऊक होती ती त्यांची बॅट. आता गुडघे कुरकुरत, आणि सभागृहात बसल्या बसल्या डुलकी लागे.

दर जुलैत ते गावच्या कुरणावर खेळायला येत. त्यासाठी विरोधी पक्षाच्या पेटिफरांशी त्यांचं अठरा वर्षं ठरलेलं होतं: महिनाभर दोघांनीही कुठल्याच मतदानाला जायचं नाही. पेटिफर मासे धरायला नॉर्वेला, हे इथे. दोन्हीकडचं एकेक मत कमी, म्हणजे कोणत्याच पक्षाचं नुकसान नाही. कागद नव्हता, नुसता शब्द.

या बुधवारी पॅड बांधताना लंडनहून तार आली. हेच कुरण कुंपण घालून वीटभट्टीवाल्याला देण्याचं बिल दुपारी मतदानाला येणार होतं. ते पडावं असं थर्लवॉलना वाटे, पेटिफरांनाही.

पॅडचे पट्टे आवळत होता जेबेझ रड. मैदान राखायचा तोच, अंपायरही तोच. त्याच्या दोन गाई याच कुरणावर चरत.

“सव्वाबाराची गाडी मिळेल, साहेब. बग्गी जोडू?”

“शब्द दिलाय, जेबेझ.”

“अहो, पण या बिलापुरते पेटिफरसाहेब आपल्याच बाजूचे ना?”

“आहेत. पण त्यांना विचारल्याशिवाय कसा मोडू? आणि ते बसलेत बोटीवर.”

“मग माशांनाच विचारा आता,” जेबेझ पुटपुटला.

थर्लवॉल हसले नाहीत. नुसता शब्दच आड येत नव्हता. ती धूळ, ती गाडी, तो उकाडा, पुन्हा ते बाक; जिवावरच आलं होतं. हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि खेळायला उतरले. त्रेसष्ट धावा झाल्या. गावाने टाळ्या वाजवल्या.

सहाच्या सुमारास दुसरी तार आली. बिल मंजूर, एका मताने.

“एकाच?” जेबेझने विचारलं.

“एकाच.”

“आणि तुम्ही दोघं होतात.”

दरवर्षी खेळ संपला की तो गुडघ्यावर बसून साहेबांचे पट्टे सोडी. आज त्याने स्टंप उपटले, काखेत मारले आणि गाई हाकायला चालता झाला.

थर्लवॉल बाकावर बसून राहिले. मग वाकले. पहिला पट्टा सुटायला बराच वेळ लागला. दुसरा हाताला लागेच ना.