फिरंग्यांच्या राणीचा पत्ता

झाईच्या मच्छीमार मांगेलांच्या आळीतलं समुद्राकडचं शेवटचं घर चंद्रावतीचं. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती घोलवडच्या रेल्वे क्वार्टरांकडे निघाली की तिची हाक बोर्डीच्या वळणावरून ऐकू येई, आणि भाव करताना ती भल्याभल्यांची बोलती बंद करी. पण घरी परतल्यावर मात्र दिवेलागणीपर्यंत तिच्या तोंडून दहा शब्द निघत नसत. बोलणार कुणाशी, चुलीशी? एकटीचा भात ती अजून जुन्याच मोठ्या टोपात शिजवायची. तळाशी मूठभर तांदूळ आणि वर सगळा रिकामा टोप.

तिच्या नवऱ्याला, सदानंदाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. आता 'जाऊन' म्हणायचं की नाही, हीच तर सगळी पंचाईत होती.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर सदानंद आणि त्याचा दोस्त मोरू होडी घेऊन उत्तरेला गेले ते आलेच नाहीत. वादळ नव्हतं, वारासुद्धा बेताचा होता. होडीची एक फळी म्हणून किनाऱ्याला लागली नाही. महिन्याभराने उंबरगावचा एक नावाडी सांगत आला, दमणच्या फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, लाँचने दोघा मच्छीमारांना धरून नेलं असं त्याच्या कानावर आलं होतं. कुणी सांगितलं, ते त्याला आठवत नव्हतं. तेव्हा दमण फिरंग्यांचं, हद्द बंद, चौकशीला जाणार कोण? मोरूच्या बायकोने, रखमीने, वर्षभर वाट पाहिली आणि मग पानांचा माणूस केला. समुद्रात गेलेल्याचा देह हाती लागला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस रचायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बाईने बांगड्या फोडायच्या, अशी रीत. चंद्रावतीने तो केला नाही. त्या नावाड्याच्या एका वाक्यावर ती सहा वर्षं कुंकू लावत राहिली.

एकसष्टच्या दिवाळीत मात्र गोष्ट गळ्याशी आली. तिचा धाकटा दीर नारू, त्याच्या मुलीचं, बारकीचं, लग्न नारगोळला ठरलं. मुहूर्त वैशाखातला. घरातला कर्ता ना मेलेला ना जिता, अशा घरात हळद कशी लावायची, असं आळीतली जाणती माणसं म्हणू लागली.

"वैनी, एक दिस ठरव," नारू दारात उभा राहून म्हणाला.

"कसला?"

"तुला ठाऊक हाय कसला."

"तुझ्या भावाला जाळायचा दिस मी ठरवू? तूच ठरव. तुझा भाऊ."

नारूची बायको शांती मागेच होती. "कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं म्हणून माणूस येतो काय गो परत?"

"तुझं चवलीएवढं हाय," चंद्रावती म्हणाली, "तरी तुझा कुठे घरात टिकतो?"

नारूला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. पण जाताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैशाखापर्यंत थांबतो, वैनी. पोरीकडे बघ." बारकीला चंद्रावतीनेच कडेवर वाढवलं होतं. ते दोघं गेल्यावर ती दारातच बसून राहिली.

घोलवड स्टेशनात काशीनाथ पार्सल क्लार्क होता. चिकूच्या करंड्या चढवण्याउतरवण्यात त्याचा सगळा दिवस जाई. त्याची बायको वसुमती दादरहून लग्न होऊन आलेली, कॉलेज शिकलेली. हाताला लागेल ते ती वाचायची, आणि वाचलेलं सांगायला तिला माणूस लागायचं. चंद्रावती मागच्या पायरीवर मासे साफ करून देई, तेवढा वेळ ती वसुमतीच्या तावडीत सापडे.

"चंद्रावती, भुतांना भितेस का ग?" हातात दिवाळी अंक घेऊन वसुमतीने विचारलं.

"भुतं काय करणार, बाई? माणसं काय कमी हायेत?"

"ऐक तर. फ्रान्स देशात एक राजवाडा आहे..."

"कुठल्या देशात?"

वसुमतीचं बोट ओळीवर होतं, ते तिला हलवायचं नव्हतं. "अगं, फिरंगी लोकांचा म्हण. तर त्या वाड्याच्या बागेत दोन इंग्रज मास्तरणी फिरायला गेल्या. एकाएकी सगळं चिडीचूप झालं. पान हलेना. आणि समोर जुन्या काळच्या कपड्यांतली माणसं! हिरवे कोट, तीन टोकांच्या टोप्या. हिरवळीवर एक बाई बसलेली. नंतर त्यांनी जुनी तसबीर बघितली तर काय, तीच बाई! तिथली राणी. मरून कितीतरी वर्षं झालेली."

फिरंगी म्हटल्याबरोबर चंद्रावतीची कोयती थांबली होती. "राणीच दिसते? का साधी माणसंपण?"

"साधीसुद्धा. माळी, पहारेकरी. आणि एका छपरीखाली बसलेला एक माणूस. काळासावळा, तोंडभर देवीचे वण."

सदानंदाला लहानपणी देवी आल्या होत्या. डाव्या गालावर वण इतके दाट होते की दाढी करताना वस्तरा अडायचा.

"मग विचारलं नाय त्याला कुणी, कुठला तू म्हणून?"

"भुताला कोण विचारणार?" वसुमती खळखळून हसली आणि पान उलटायला वळली. परत पाहते तो चंद्रावती टोपली उचलून चालू लागलेली. पायरीवर निम्मी पापलेटं तशीच पडलेली.

तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण झाईच्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने फिरंगी म्हणजे दमण असंच सांगितलं असतं; दुसरे फिरंगी कुणी पाहिलेच नव्हते. दमणचा किल्ला सदानंदाने होडीतून पाहिलेला. पाण्यालगत काळा तट आणि आतून फिरंग्यांच्या देवळाच्या घंटेचा आवाज, असं त्याने तिला सांगितलं होतं. तट आहे म्हणजे वाडाही असणार. त्या वाड्यात देवीचे वण असलेला माणूस बसतो. तो सदानंद असेल तर तो मेला, आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मग नारूने काय करायचं ते करावं. तो नसेल तर कुंकू राहील. कुणाच्या सांगण्यावरून पुसायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

पण हद्द बंद होती. डिसेंबरात घोलवडवरून सैन्याच्या गाड्या धडधडत गेल्या, आणि दोन दिवसांत फिरंगी गेले. काशीनाथने स्टेशनात पेढे वाटले. चंद्रावतीने पेढा पदरात बांधला आणि विचारलं, "बाबू, आता जाता येतं?"

"कुठे?"

"तिकडे."

"सगळ्यांना येतं. आपलंच आहे की आता!"

माघात ती निघाली. घोलवडहून पॅसेंजरने वापी आणि तिथून खचाखच भरलेल्या जीपच्या मागच्या फळीवर बसून दमण. धुवट लुगडं, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. वाटेत सगळे गुजरातीत बोलत होते. चंद्रावतीला ती येत होती.

नानी दमणच्या मासळी बाजारात तिने आपल्यासारखीच एक बाई गाठली. पुतळी तिचं नाव, अंगाने आडवी, आवाजाने उभी.

"फिरंग्यांची राणी कुठे दिसते?"

"राणी? कई राणी?" पुतळीने बाजूच्या बायांकडे पाहिलं. "अरे बेन, अहीं कोई राणी-बाणी नथी. साहेब होते साहेब. ते बी गेले."

"मेलेली. वाड्याच्या बागेत बसते. आणि तिच्याजवळ एक माणूस असतो, तोंडावर देवीचे वण."

बाया हसायला लागल्या. पुतळी आधी हसली, मग चंद्रावतीच्या चेहऱ्याकडे बघून तिने इतरांना दटावलं. "तुझा कोण तो?"

चंद्रावतीने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. पुतळीने मासे शेजारणीच्या स्वाधीन केले, तिला होडीत घातलं, नदीपलीकडे मोटी दमणला किल्ल्यात नेलं आणि आधी कचेरीत उभं केलं. "राणी राहू दे. जेलात होता का ते बघ."

कचेरीत नवा कारकून होता, समोर तुरुंगाचं जुनं बाड. "नाम?"

नवऱ्याचं नाव चंद्रावतीने जन्मात घेतलं नव्हतं. आळीतल्या कुठल्याच बाईने घेतलं नव्हतं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. ती पुतळीकडे बघायला लागली. पण पुतळीला तरी कुठून ठाऊक असणार? त्या मुलखात ते नाव ठाऊक असलेलं एकच माणूस होतं.

"सदानंद," ती म्हणाली.

तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. कारकुनाने पानं उलटली. मग आधीची उलटली. तसलं नाव नव्हतं. मोरूचंही नव्हतं. पंचावन्न सालात झाईचा कुणीच नव्हता.

बाहेर येऊन ती किल्ल्यातल्या एका पडक्या बागेत बसली. पुतळी म्हणाली, "चल, माझ्या घरी चहा घे." चंद्रावती म्हणाली, "तू जा बाय. मी बसते." दुपार कलली. एक शिपाई सायकल हातात धरून गेला, दोन बकऱ्या आल्या आणि गेल्या. पान हलत नव्हतं तेव्हा तिने श्वास रोखून सगळीकडे पाहिलं. एका वळचणीखाली कुणीतरी बसलंय असं तिला वाटलं आणि ती उठून जवळ गेली. तिथं फुटका रांजण होता.

दुसऱ्या दिवशी ती टोपलीशिवाय वसुमतीच्या मागच्या दारी आली. "तुमची राणी दिसली नाय, बाई."

"कुठे?"

"दमणला."

सगळं कळायला वसुमतीला थोडा वेळ लागला. "अगं, फ्रान्स तो! दमण कसलं? समुद्रापलीकडे, बोटीने पंधरा दिवस लागतात."

"तुम्हीच म्हणालात फिरंगी."

वसुमतीने म्हटलं होतं खरं. तिने नकाशा आणला, अंक आणला, बोटाने दाखवलं. चंद्रावतीने बोट बघितलं, नकाशा बघितला नाही.

"म्हणजे तो वण असलेला दुसराच कुणी."

"दुसराच. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. चुकलं माझं, चंद्रावती."

"ती राणी मेली कशी? त्याच वाड्यात?"

"नाही. लोकांनी बंड केलं. वाड्यातून नेलं आणि दूर पॅरिस शहरात भर चौकात मान कापली."

"मग दिसते वाड्यात ती का?"

वसुमतीने सहज सांगितलं, "तिथं ती सुखात होती ना. मेलेलं माणूस सुखाच्या जागी येतं म्हणतात."

फलाटावर करंड्या आपटल्याचे आवाज येत होते. चंद्रावती हळूहळू, पेंडीचे बोंबील मोजावेत तशी, बोलायला लागली. "सहा वर्षांत आमचा माणूस आळीत दिसला नाय. किनाऱ्याला नाय, घरात नाय. मी कितीदा तरी कवाड उघडं ठेवलं. म्हणजे मेला असेल तर त्याचं सुख इथं नव्हतं. आणि जिता असेल, तर कुठंतरी हाय आणि येत नाय."

"अगं, भुतंबितं काही खरी नसतात. वेळ जायला छापतात हे."

"मग मला वाचून का दाखवलंत?"

वसुमतीने अंक मिटून बाजूला ठेवला.

"मेला म्हणते मी," चंद्रावती उठत म्हणाली. "मेला म्हटलं की भांडण मिटतं. जिता म्हटलं तर रोज त्याच्याशी भांडायला लागेल."

चैत्रात नारू सायवनच्या रानातून पळसाची पानं घेऊन आला. भटजींनी सांगितलं तसा किनाऱ्यावर पानांचा माणूस रचला. बाया लांब बसल्या होत्या. चंद्रावती बघत राहिली आणि अचानक ओरडली, "नारू, पाय आखूड कर! तो एवढा उंच नव्हता."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नारूने मुकाट्याने पायाची चार पानं काढली. बांगड्या फोडायला मोरूची रखमी पुढे झाली. काच लागू नये म्हणून तिने आपला तळहात चंद्रावतीच्या मनगटाखाली धरून ठेवला.

वैशाखात बारकीला हळद लागली. हळदीच्या मांडवात विधवेने जायचं नाही. सकाळपासून चंद्रावती किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगत होती. आळीतून वाजंत्री ऐकू येत होती. शांतीने एकदा धाकट्या मुलाबरोबर ताट पाठवलं, ते झाकूनच राहिलं.

दुपारी वसुमती आली. बारकीला खण देऊन, मांडवात दोन घोट सरबत घेऊन, ती वाळूतून चपला हातात धरून चंद्रावतीपाशी पोचली. चंद्रावतीने हातातलं काम न थांबवता विचारलं, "त्या राणीचा नवरा दिसतो काय हो तिथं कुणाला?"

"त्याच्याबद्दल काही लिहिलं नव्हतं."

"म्हणजे एकटीच."

"एकटीच. कागद घेऊन कसलंसं चित्र काढत असते म्हणे."

"आणि येणारंजाणारं कुणी बोलत नाय तिच्याशी?"

"घाबरतात ना."

चंद्रावतीने शेवटचा बोंबील टांगला, हात लुगड्याला पुसले आणि उलटी टोपली बसायला वसुमतीकडे सरकवली. "मग बसा थोडं," ती म्हणाली. "तुमची बस साडेपाचला हाय."

वसुमती बसली.